डाटिफच्या घरात राहणाऱ्या चार विभक्ती

जर्मन शिकू लागून सहा-सात महिने झाले होते. निबंधाच्या वहीत मी ‘इश लेगे डास बुख आउफ डेम टिश’ असे वाक्य लिहिले होते. अर्थ साधाच, ‘मी पुस्तक टेबलावर ठेवते’. वही परत आली तेव्हा ‘डेम’ या एका शब्दाखाली लाल रेघ होती आणि शेजारी समासात ‘व्होहिन?’ एवढाच प्रश्न लिहिलेला होता. जर्मनमध्ये ‘व्हो’ म्हणजे कुठे आणि ‘व्होहिन’ म्हणजेही कुठे. पहिला प्रश्न वस्तू जिथे आहे त्या जागेविषयीचा, दुसरा वस्तू जिकडे चालली आहे त्या जागेविषयीचा. हा फरक मला सांगता येत होता, पण जाणवत नव्हता, कारण ‘पुस्तक कुठे ठेवतेस?’ आणि ‘पुस्तक कुठे आहे?’ या दोन्ही प्रश्नांत माझ्या भाषेने मला एकच ‘कुठे’ दिला होता आणि दोन्हींचे उत्तर ‘टेबलावर’ हेच होते. योग्य रूप ‘आउफ डेन टिश’ असे होते. ‘म’च्या जागी ‘न’, एवढाच फरक.

ही चूक मी पुढे दोन वर्षे करत राहिले. कोणत्या शब्दयोगी अव्ययाबरोबर कोणती विभक्ती येते याचे तक्ते मला तोंडपाठ होते, तरीही बोलताना तक्ता आठवेपर्यंत वाक्य पुढे निघून गेलेले असे. ही अडचण अखेर सुटली ती शाळेत शिकलेल्या संस्कृत व्याकरणामुळे, आणि तेही फार उशिरा. दोन्ही गोष्टी इतकी वर्षे माझ्या डोक्यात शेजारी शेजारी पडून होत्या आणि त्यांची गाठ घालून देण्याचे मला सुचले नव्हते. जर्मन शिकणाऱ्या मराठी वाचकाला ती गाठ लवकर सापडावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

जर्मनमध्ये विभक्ती चारच आहेत : नोमिनाटिफ, अक्कुझाटिफ, डाटिफ आणि गेनिटिफ. आपल्या परिभाषेत नोमिनाटिफ ही प्रथमा, अक्कुझाटिफ ही द्वितीया आणि गेनिटिफ ही षष्ठी. डाटिफला चतुर्थी म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो अपुरा आहे आणि माझ्या मते सगळा घोटाळा तिथेच सुरू होतो. विभक्तीची खूण नामावर क्वचित दिसते, ती मुख्यतः नामाआधी येणाऱ्या आर्टिकलवर, म्हणजे ‘डेर’, ‘डी’, ‘डास’ यांसारख्या लिंगदर्शक शब्दावर, दिसते. पुल्लिंगी ‘डेर टिश’ द्वितीयेत ‘डेन टिश’ होतो आणि डाटिफमध्ये ‘डेम टिश’. नपुंसकलिंगी ‘डास हाउस’ द्वितीयेत बदलत नाही, डाटिफमध्ये ‘डेम हाउस’ होते. स्त्रीलिंगी ‘डी श्टाट’, म्हणजे शहर, हेही द्वितीयेत तसेच राहते आणि डाटिफमध्ये ‘डेर श्टाट’ होते. शब्दयोगी अव्ययांना प्रथमा चालत नाही, म्हणून निवड उरते ती बाकीच्या तीन विभक्तींमधून.

आता, एखादे अव्यय नामाला आपले रूप बदलायला लावते ही कल्पना मराठी माणसाला मुळीच परकी नाही. ‘घोडा’ला ‘वर’ जोडताना आपण ‘घोडावर’ म्हणत नाही, ‘घोड्यावर’ म्हणतो. ‘भिंत’ची ‘भिंतीवर’ होते, ‘घर’चे ‘घरावर’. यालाच आपण सामान्यरूप म्हणतो, आणि ते लिंगाप्रमाणे बदलते हेही न शिकवता आपल्याला येते. विशेषणाचे साम्य तर थक्क करणारे आहे. ‘नवा’, ‘नवी’, ‘नवे’ ही तीन वेगवेगळी रूपे अव्यय लागताच एकाच ‘नव्या’मध्ये विरघळतात : नव्या घोड्यावर, नव्या भिंतीवर, नव्या घरात. जर्मन डाटिफमध्ये आर्टिकलनंतरच्या विशेषणाचे नेमके हेच होते. लिंग कोणतेही असो, वचन कोणतेही असो, शेवट ‘-एन’ : ‘आउफ डेम नॉयेन टिश’, ‘इन डेर नॉयेन व्होनुंग’, ‘इन डेम नॉयेन हाउस’. ज्याला ‘नव्या’ सहज येते त्याने ‘नॉयेन’चा वेगळा तक्ता पाठ करत बसण्याचे कारण नाही.

फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. मराठीत अव्यय कोणतेही असो, सामान्यरूप एकच असते. जर्मनमध्ये प्रत्येक अव्ययाची मागणी वेगळी असते. ‘मिट’ला डाटिफच लागतो, ‘फ्यूर’ला अक्कुझाटिफच लागतो. मराठीत याला जोड नाही, संस्कृतात मात्र आहे, आणि तिचे नाव उपपद विभक्ती. ‘सह’ आला की तृतीया, म्हणून ‘रामेण सह’. ‘नमः’ आला की चतुर्थी, म्हणून ‘गणेशाय नमः’. ‘परितः’ आला की द्वितीया, म्हणून ‘ग्रामं परितः’. शेजारी बसलेला शब्द विभक्ती ठरवतो, हे आपण शाळेत उदाहरणांसह घोकलेले असते. जर्मन अव्ययांचे तक्ते म्हणजे उपपद विभक्तीचेच तक्ते आहेत, आणि ‘गावाभोवती’ असे म्हणताना जर्मनही ‘उम डास डोर्फ’ अशी द्वितीयाच वापरते. हा ‘उम’ आणि ‘परितः’चा सोबती ‘अभितः’ हे दोन शब्द मुळात एकाच घराण्यातले मानले जातात.

इथपर्यंत आल्यावर मला पडलेला प्रश्न असा होता की, डाटिफ घेणाऱ्या अव्ययांत काहीच सूत्र का दिसत नाही. ‘मिट’ म्हणजे बरोबर किंवा ‘ने’, ‘आउस’ म्हणजे आतून, ‘फॉन’ म्हणजे पासून, ‘बाय’ म्हणजे कडे किंवा जवळ, ‘झाइट’ म्हणजे तेव्हापासून, ‘त्सू’ म्हणजे कडे जाणे, शिवाय ‘नाख’, ‘आउसर’ आणि ‘गेगेनयूबर’. या नऊ जणांचे आपसांत काय नाते आहे? डाटिफ म्हणजे चतुर्थी असे धरले तर काहीच नाही. पण तुलनात्मक भाषाशास्त्र सांगते की डाटिफ ही एकटी चतुर्थी नव्हेच. संस्कृत आणि जर्मन या दोन्ही जिच्यातून निघाल्या त्या मूळ इंडो-युरोपीय भाषेत चतुर्थी, तृतीया, पंचमी आणि सप्तमी या वेगवेगळ्या विभक्ती होत्या. संस्कृताने त्या वेगळ्या जपल्या, जर्मानिक भाषांत मात्र त्यांचे प्रत्यय झिजत गेले आणि त्यांची कामे डाटिफच्या अंगावर आली. चार विभक्तींनी एका घरात राहायला यावे आणि घरावर पाटी एकीचीच असावी, तसा हा प्रकार आहे.

ही पाटी बाजूला करून पाहिले की नऊही अव्यये आपापल्या खोलीत दिसू लागतात. ‘मिट डेम मेसर’ म्हणजे सुरीने आणि ‘मिट डेम ब्रूडर’ म्हणजे भावाबरोबर. साधन आणि सोबत या दोन्हींसाठी संस्कृतात तृतीया येते, म्हणून ‘मिट’ हा तृतीयेच्या खोलीतला. ‘डास ब्लाट फेल्ट फॉम बाउम’ हे जर्मन वाक्य आणि ‘वृक्षात् पर्णं पतति’ हे प्रत्येक विद्यार्थ्याने म्हटलेले वाक्य अर्थाने एकच आहे. ‘फॉन’, ‘आउस’ आणि ‘झाइट’ ही पंचमीची माणसे. ‘बाय मायनर टांटे’ म्हणजे मावशीकडे राहणे, ही सप्तमी. आणि कोणतेही अव्यय न घेता ‘इश गेबे डेम किंट डास बुख’, म्हणजे ‘मी मुलाला पुस्तक देते’, असे आपण म्हणतो तेव्हा तीच मूळची चतुर्थी, ‘बालकाय’.

तृतीया वेगळी होती याचा पुरावा जुन्या जर्मनमध्ये अजून वाचता येतो. नवव्या शतकात लिहून ठेवलेल्या ‘हिल्डेब्रांट्सलीड’ या काव्यात बाप म्हणतो की, माझाच मुलगा आता मला तलवारीने कापणार, आपल्या शस्त्राने मला पाडणार. तिथले शब्द आहेत ‘सुएर्टु’ आणि ‘मिट सिनु बिल्लिउ’. शेवटचा ‘उ’ हा तृतीयेचा प्रत्यय आहे. आजचे जर्मन तिथे ‘मिट झायनेम श्व्हेर्ट’ असे डाटिफ रूप वापरते. ‘आज’ या अर्थाचा ‘हॉइटे’ हा रोजच्या वापरातला शब्दही ‘या दिवशी’ अशा अर्थाच्या जुन्या तृतीयांत जोडीतून, ‘हिउ तागु’मधून, आलेला आहे. रोज शेकडो वेळा उच्चारल्या जाणाऱ्या शब्दात एक हरवलेली विभक्ती अशी बसून आहे, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

‘त्सू’ने मला सर्वाधिक त्रास दिला. गती असेल तर अक्कुझाटिफ, स्थिरता असेल तर डाटिफ, असा एक सोपा नियम बहुतेकांच्या मनात घट्ट बसलेला असतो, आणि त्या नियमाला धरून मी ‘इश गेहे त्सू डेन आर्त्स्ट’ असे म्हणत असे, कारण डॉक्टरांकडे जाणे यात गती आहे. बरोबर रूप ‘त्सुम आर्त्स्ट’, म्हणजे ‘त्सू डेम आर्त्स्ट’, हे डाटिफमधले आहे. गती-स्थितीचा तो नियम फक्त नऊ विशिष्ट अव्ययांपुरता असतो, ‘त्सू’, ‘नाख’, ‘आउस’, ‘फॉन’ यांना तो लागूच पडत नाही, हे पुरेशा ठामपणे सांगितले जात नाही. मला इथे पाणिनीचे 2.3.12 हे सूत्र आठवले. जाण्याचा अर्थ असलेल्या धातूंच्या कर्माला द्वितीया आणि चतुर्थी दोन्ही चालतात असे ते सूत्र सांगते. ‘ग्रामं गच्छति’ही बरोबर आणि ‘ग्रामाय गच्छति’ही बरोबर. जर्मनमध्ये हेच दोन पर्याय वेगवेगळ्या अव्ययांत वाटले गेले आहेत असे मी मनाशी धरले : ‘इन्स डोर्फ’ ही द्वितीया, गावाच्या आत शिरणारी, ‘त्सुम डोर्फ’ ही चतुर्थी, गावाच्या रोखाने निघालेली. त्यानंतर ‘त्सू’ची चूक माझ्याकडून झाली नाही.

आता ती नऊ अव्यये, ज्यांना जर्मन व्याकरण ‘व्हेक्सेलप्रेपोझित्सिओनेन’, म्हणजे पालटणारी अव्यये, असे म्हणते : आन, आउफ, हिंटर, इन, नेबेन, यूबर, उंटर, फोर, त्स्विशेन. ही कधी अक्कुझाटिफ घेतात, कधी डाटिफ. ‘इश गेहे इन डी क्यूशे’, मी स्वयंपाकघरात जाते. ‘इश बिन इन डेर क्यूशे’, मी स्वयंपाकघरात आहे. मराठीत दोन्हीकडे ‘स्वयंपाकघरात’. संस्कृतात मात्र ‘गृहं गच्छति’ आणि ‘गृहे वर्तते’, एकीकडे द्वितीया आणि एकीकडे सप्तमी. म्हणजे माझ्या वहीतल्या त्या लाल रेघेचे उत्तर मला आठवीतच शिकवलेले होते. मराठीने सप्तमीचे काम ‘त’ आणि ‘वर’ यांच्याकडे सोपवले आणि जाण्याचे ठिकाणही त्यांच्याच हवाली केले. जर्मनने प्रत्यय गमावले तरी तो जुना भेद आर्टिकलच्या आधाराने टिकवून धरला. यांतला ‘यूबर’ आणि आपला ‘वर’ हे तर दूरचे भाऊबंदच आहेत. दोघांचे नाते संस्कृत ‘उपरि’शी आहे.

गती हा शब्द मात्र मी या नऊ अव्ययांच्या बाबतीतही वापरत नाही, कारण तो फसवतो. ‘इश लाउफे इम पार्क’ या वाक्यात मी धावते आहे, भरपूर गती आहे, तरी ‘इम’ हा ‘इन डेम’चा जोड, म्हणजे डाटिफच आहे, मी बागेतच होते आणि बागेतच राहिले. ‘इश लाउफे इन डेन पार्क’ असे म्हटले तर मी बाहेर होते आणि धावत बागेत शिरले. मांजर ‘आउफ डेम टिश’ उड्या मारते तेव्हा ते आधीपासून टेबलावर असते. ‘आउफ डेन टिश’ उडी मारते तेव्हा जमिनीवरून वर येते. विमान ‘यूबर डेर श्टाट’ उडते तेव्हा शहरावर घिरट्या घालत असते, ‘यूबर डी श्टाट’ उडते तेव्हा शहर ओलांडून जाते. म्हणून मी स्वतःला ‘कुठे’ किंवा ‘कुणीकडे’ असे काही विचारत नाही, हद्द ओलांडली का एवढेच विचारते. हद्द ओलांडली असेल तर अक्कुझाटिफ, हद्दीच्या आत राहून कितीही धावपळ केली तरी डाटिफ. मराठीत विचार करणाऱ्याला ‘व्हो’ आणि ‘व्होहिन’पेक्षा हा प्रश्न उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे.

काही क्रियापदे तर हा प्रश्नही विचारू देत नाहीत, कारण त्यांच्या अर्थातच उत्तर असते. ‘झित्सेन’ म्हणजे बसणे आणि ‘झेत्सेन’ म्हणजे बसवणे. हे आपल्या प्रयोजक क्रियापदांसारखे आहे, आणि संस्कृतातल्या ‘सद्’ धातूचीच ही मंडळी आहेत, ‘सीदति’ आणि ‘सादयति’ यांची भावंडे. बसवणे म्हणजे नव्या जागी आणणे, म्हणून ‘झी झेत्स्ट डास किंट आउफ डेन श्टूल’ असा अक्कुझाटिफ. बसणे म्हणजे त्या जागी असणे, म्हणून ‘डास किंट झित्स्ट आउफ डेम श्टूल’ असा डाटिफ. ‘लीगेन’ आणि ‘लेगेन’ यांची जोडीही तशीच, पडून असणे आणि आडवे ठेवणे. ‘श्टेहेन’ आणि ‘श्टेलेन’, उभे असणे आणि उभे ठेवणे. आपल्या ‘ठेवणे’ला वस्तू आडवी ठेवली की उभी याच्याशी कर्तव्य नसते, जर्मनला असते, आणि त्यामुळे मराठी माणसाला विभक्तीच्या आधी क्रियापदाचीच निवड करावी लागते. यांच्यातली आणखी एक सोय अशी की प्रयोजक क्रियापदांचे भूतकाळ नियमित असतात, ‘लेग्टे’, ‘श्टेल्टे’, ‘झेत्स्टे’, आणि मूळ क्रियापदांचे अनियमित, ‘लाग’, ‘श्टांड’, ‘झास’. ‘हेंगेन’ हे दोन्ही कामे एकच रूप ठेवून करते, पण भूतकाळात तेही उघडे पडते : चित्र भिंतीवर लावले तर ‘हेंग्टे’ आणि अक्कुझाटिफ, चित्र भिंतीवर लटकत होते तर ‘हिंग’ आणि डाटिफ.

हद्दीच्या कसोटीला न जुमानणारी क्रियापदेही आहेत, आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ‘आनकोमेन’, म्हणजे पोहोचणे, हे डाटिफ घेते : ‘डेर त्सुग कॉम्ट आम बानहोफ आन’. गाडी बाहेरून स्थानकात आली हे खरे, पण या क्रियापदाला वाटचाल दिसत नाही, पोहोचलेली गाडी तेवढी दिसते. ‘लांडेन’, म्हणजे उतरणे, याचेही तसेच. विमान ‘आउफ डेर इन्झेल’, बेटावर, उतरते ते डाटिफमध्ये. मराठीतही ‘पोहोचणे’ हे ‘जाणे’पेक्षा वेगळे वागते; ‘मी पोहोचले’ असे म्हणताच आपण तिथे असतो. हे कारण मला पटलेले आहे, तरी ही दोन क्रियापदे मी आजही जाणीवपूर्वक आठवून वापरते.

नेहमी अक्कुझाटिफ घेणाऱ्या अव्ययांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही : ‘दुर्श’ म्हणजे मधून, ‘गेगेन’ म्हणजे विरुद्ध, ‘ओने’ म्हणजे शिवाय, ‘उम’ म्हणजे भोवती, ‘बिस’ म्हणजे पर्यंत, आणि ‘फ्यूर’. अडते ते ‘फ्यूर’पाशी. ‘फ्यूर’ म्हणजे ‘साठी’, आणि ‘साठी’ म्हणजे तर हमखास चतुर्थी. मग ‘फ्यूर डेम’ का नाही? उत्तर पुन्हा इतिहासात आहे. ‘फ्यूर’ आणि ‘फोर’ ही एकाच मुळाची जोडी. जुन्या जर्मनमध्ये एकाचा अर्थ ‘पुढे आणून’ असा होता आणि तो द्वितीया घेई, दुसऱ्याचा ‘पुढे असलेला’ असा होता आणि तो डाटिफ घेई. कोणापुढे काही आणून ठेवणे यातूनच कोणासाठी काही करणे हा अर्थ आला, अर्थ बदलला तरी विभक्ती मागे राहिली. म्हणजे संस्कृतची तुलना इथे आंधळेपणाने केली तर ती चुकीच्या रूपाकडे नेते. तिचा उपयोग डाटिफची अव्यये समजण्यासाठी करावा, ‘फ्यूर’साठी हा छोटासा इतिहास लक्षात ठेवावा.

षष्ठी घेणाऱ्या अव्ययांकडे पाहिले की मराठी पुन्हा मदतीला येते. ‘व्हेगेन’ म्हणजे मुळे, ‘ट्रोत्स’ म्हणजे असूनही, ‘आनश्टाट’ म्हणजे ऐवजी, ‘व्हेरेंट’ म्हणजे दरम्यान, ‘इनरहाल्प’ म्हणजे च्या आत. मराठीत आपण ‘पुस्तकाच्या ऐवजी’, ‘प्रवासाच्या दरम्यान’, ‘आठवड्याच्या आत’ असे ‘च्या’ लावूनच म्हणतो. ‘ऐवजी’मध्ये ‘ऐवज’ हे नाम दडलेले आहे, आणि नामाचा नामाशी संबंध षष्ठीनेच जोडला जातो. जर्मनमध्येही ‘आनश्टाट’मध्ये जागा या अर्थाचे नाम आहे, ‘व्हेगेन’मध्ये वाट या अर्थाचे, ‘ट्रोत्स’ तर आजही हट्ट या अर्थाचे स्वतंत्र नाम आहे. नामापासून झालेली अव्यये षष्ठी मागतात हे दोन्ही भाषांत सारखेच. बोलीत ‘व्हेगेन डेम रेगेन’, पावसामुळे, असा डाटिफ सर्रास ऐकू येतो. लिहिताना मात्र ‘व्हेगेन डेस रेगेन्स’ हेच रूप वापरावे. लिखित भाषेची ही मर्यादा पाळावी असे मला मनापासून वाटते, कारण षष्ठीचे रूप वाक्याला जो रेखीवपणा देते तो डाटिफ देऊ शकत नाही.

काही जर्मन अव्यये नामानंतरही येतात, आणि ती मराठी कानाला विशेष गोड लागतात. ‘मायनर मायनुंग नाख’, माझ्या मते. ‘डेन फ्लुस एंटलांग’, नदीच्या कडेने. ‘मिर गेगेनयूबर’, माझ्यासमोर. नाम आधी आणि अव्यय मागून, अगदी आपल्या शब्दयोगी अव्ययांसारखे.

रूपांविषयी एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. ‘डेन’ दिसला की अक्कुझाटिफ आणि ‘डेर’ दिसला की पुल्लिंगी प्रथमा, अशी नजरेला सवय लागते, आणि ती अव्ययांनंतर चुकीची ठरते. ‘मिट डेर फ्राउ’मधला ‘डेर’ स्त्रीलिंगी डाटिफ आहे. ‘मिट डेन किंडर्न’मधला ‘डेन’ अनेकवचनी डाटिफ आहे, आणि त्याची खात्रीची खूण नामाच्या शेवटी चिकटलेला ‘न’ आहे. ‘किंडर’चे ‘किंडर्न’ झाले. ज्या अनेकवचनाच्या शेवटी ‘स’ असतो तिथे ती खूण मिळत नाही, म्हणून ‘मिट डेन आउटोस’. ‘झाइट द्राय यारेन’, तीन वर्षांपासून, यातला शेवटचा ‘न’ तोच. ऐकताना तर आणखी कठीण, कारण भरभर बोलताना ‘डेन’ आणि ‘डेम’ यांतला स्वर जवळजवळ गिळला जातो आणि उरतो तो एक अनुनासिक. म्हणून मी अव्यय सुटे पाठ करणे सोडले. ‘मिट डेम’, ‘मिट डेर’, ‘मिट डेन’ अशा जोड्याच मी मोठ्याने म्हणते, आणि ‘इम’, ‘इन्स’, ‘आम’, ‘त्सुम’, ‘त्सुर’, ‘फॉम’, ‘बायम’ हे जोडशब्द तर स्वतंत्र शब्द म्हणूनच शिकले.

सर्वांत शेवटी मी शिकले ती क्रियापदांना बांधलेली अव्यये, जिथे जागेचा प्रश्नच नसतो. ‘व्हार्टेन आउफ’, ची वाट पाहणे, यात अक्कुझाटिफ. ‘डेंकेन आन’, ची आठवण काढणे, यातही अक्कुझाटिफ. पण ‘आरबाइटेन आन’, वर काम करणे, आणि ‘टाइलनेमेन आन’, मध्ये भाग घेणे, यांत डाटिफ. हद्दीची कसोटी इथेही थोडी चालते असे मला आढळले. वाट पाहताना किंवा आठवण काढताना मन आपली जागा सोडून दुसऱ्याकडे जाते. काम करताना आणि भाग घेताना आपण त्या गोष्टीतच असतो. ‘ग्लाउबेन आन’, वर विश्वास ठेवणे, हे अक्कुझाटिफ आणि ‘त्स्व्हायफेल्न आन’, विषयी शंका घेणे, हे डाटिफ, इथे विश्वास पुढे जातो आणि शंका आहे तिथेच घुटमळते असे मी मनाशी जुळवले आहे. हे माझे स्मरणाचे साधन आहे, व्याकरणाचा नियम म्हणून कोणी घेऊ नये. ‘यूबर’ मात्र लाक्षणिक अर्थाने आला की अक्कुझाटिफच घेतो, ‘श्प्रेशेन यूबर’ असो की ‘लाखेन यूबर’, आणि ‘बेश्टेहेन आउफ’, चा आग्रह धरणे, हे ‘व्हार्टेन आउफ’च्या उलट डाटिफ घेते.

या सर्वांत मला अत्यंत आवडलेला शब्द ‘फोर’ आहे. लाक्षणिक अर्थाने तो नेहमी डाटिफ घेतो, आणि तो विशेषतः दोन प्रकारच्या शब्दांबरोबर येतो : भीती आणि रक्षण. ‘आंग्स्ट फोर डेर श्लांगे’, सापाची भीती. ‘शुत्सेन फोर डेम रेगेन’, पावसापासून रक्षण करणे. भीती आणि रक्षण यांना एकाच अव्ययाने का बांधावे, हे मला बरेच दिवस कळत नव्हते. मग एकदा ‘भीत्रार्थानां भयहेतुः’ हे 1.4.25 क्रमांकाचे सूत्र पुन्हा वाचण्यात आले. भिणे आणि रक्षण करणे या अर्थांच्या धातूंबरोबर भयाचे जे कारण असते ते अपादान समजावे, म्हणजे त्याला पंचमी लावावी, असे पाणिनी एकाच सूत्रात सांगतो : ‘सर्पात् बिभेति’, ‘चौरेभ्यः त्रायते’. ज्या पंचमीचे काम जर्मनमध्ये डाटिफकडे आले, तिच्या दोन्ही जागा ‘फोर’ने एकत्र ठेवल्या आहेत. त्या दिवशी मी वहीत लिहिले, ‘डेर हुंट शुत्स्ट डास हाउस फोर डेन डीबेन’, कुत्रा चोरांपासून घराचे रक्षण करतो, आणि त्यातला ‘डेन’ पाहून थांबले नाही. ‘डीबे’च्या शेवटी लागलेला ‘न’ मला दिसला होता आणि शेजारी ‘चौरेभ्यः’ उभे होते.